उन्हाळ्यात आगीपुढचा वेळ कमी करू या : आंबवलेल्या पिठाचा पाव, मंद आचेच्या भांड्यात



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजला असेल. शेजारच्या गल्लीतली पोरगी धावत आली, "सिस्टर, आई पडली." गेले तर पत्र्याची दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी आणि तीही लावलेली, कारण वाऱ्याने गॅस विझतो. तव्यावर पोळी करपत होती आणि ताई ओट्याला टेकून खाली बसली होती. अंग तापलेलं, डोळे जड, बोलणं तुटक. ही ताई घरून डबे देते. रोज साठ-सत्तर पोळ्या, त्याही बरोबर भर उन्हाच्या वेळी.

गॅस बंद केला. तिला बाहेर सावलीत आणलं. मान, काखा, मांड्यांच्या सांध्यात ओली फडकी ठेवली आणि पुठ्ठ्याने वारा घातला. शुद्धीवर होती म्हणून साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने सावरली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "डबे राहिले."

मी तिला "उन्हाळाभर स्वयंपाक बंद कर" असं कसं सांगणार? डबा बंद म्हणजे भाडं बंद. त्या आठवड्यात विहारात महिला मंडळाची बैठक होती. तिथे आम्ही एकच प्रश्न घेतला : दुपारी आगीपुढे उभं राहण्याचा वेळ कमी कसा करायचा? बंगल्यावर स्वयंपाकाला जाणारी एक ताई म्हणाली, "आमच्या मॅडम मे महिन्यात ओव्हन लावतच नाहीत. घर तापतं म्हणतात. एका विजेच्या भांड्यात पाव लावून ठेवतात, मंद आचेवर. पीठही यीस्टचं नाही, घरी आंबवलेलं." पुढच्या बैठकीला तिने त्या पावाचे चार तुकडे आणले. आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजीने तुकडा हुंगला आणि म्हणाली, "अगं, ह्याला तर आंबिलीचा वास येतो."

आजीचं बरोबर होतं. आजचा धडा त्याच पावाचा. शहरातल्या दुकानांत त्याला सॉरडो म्हणतात आणि एका पावाला दोनशे-तीनशे रुपये घेतात. घरी केला तर पीठ, मीठ आणि वीज मिळून साधारण तीस रुपयांत होतो. भाकरी-पोळी सोडून हाच खा, असं मी सांगत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी दुपारच्या वेळी तव्यापुढे उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात शरीराचं काय होतं

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्रा दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खाली खोलीत सोडतो. त्यात गॅस पेटला की स्वयंपाक करणारीच्या अंगाला बाहेरच्यापेक्षा जास्त झळ बसते. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. खोलीत वाफ कोंडली की घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ शरीरातून जातं, थंडावा मात्र मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पायांत गोळे येतात, चक्कर येते. तेव्हाच थांबलं नाही तर उष्माघात होतो.

उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर जातं आणि माणूस असंबद्ध बोलतो, गुंगतो किंवा बेशुद्ध पडतो. अंग कोरडं असेल किंवा घामाने ओलंही असेल. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

शुद्धीवर असलेल्याला ओआरएस द्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ याहून जास्त नको.

गरोदर बाया, म्हातारी माणसं, मधुमेहाचे आणि हृदयाचे रुग्ण, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणारे यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. आणि एक सवय आजपासून मोडा : वाऱ्याने गॅस विझतो म्हणून खिडकी लावून घेऊ नका. हवा न मिळता गॅस जळला की कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवा आणि शेगडीच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करा.

आंबवणं आपल्याला नवं नाही

ज्वारीचं पीठ रात्री भिजवून सकाळी त्याची आंबील करणं, इडलीचं पीठ फुगवणं, दुधाला विरजण लावणं, ही सगळी आंबवण्याचीच कामं. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं की त्यातही तेच घडतं. पिठात मुळातच दोन प्रकारचे सूक्ष्म जीव असतात. एक यीस्ट, ते वायू सोडतं आणि पीठ फुगवतं. दुसरे लॅक्टिक आम्ल करणारे जंतू, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते आंबटपणा आणतात आणि त्या आंबटपणामुळे पुष्कळसे वाईट जंतू वाढत नाहीत.

बाजारातलं यीस्ट कारखान्यात तयार होऊ लागण्याआधी जगभर पाव असाच होत असे. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. तिथले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर घालून पीठ फुगवत. सुरेतही हेच यीस्ट असतं.

आरोग्याच्या दृष्टीने यात एक खरा फायदा आहे. गव्हाच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो लोह आणि जस्त धरून ठेवतो, त्यामुळे ते अंगाला कमी लागतं. पीठ सावकाश आंबलं की फायटेट कमी होतं. आपल्या वस्तीत रक्त कमी असलेल्या बाया-मुली किती आहेत ते तुम्ही जाणता. त्यांच्यासाठी ही छोटी मदत आहे. पण नुसत्या पावाने रक्त वाढत नाही. सोबत डाळ, हरभरे, पालेभाजी आणि वरून लिंबू पाहिजे. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने घ्या, कारण चहाही लोह अडवतो. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.

मंद आचेचं भांडं म्हणजे काय

इंग्रजीत त्याला स्लो कुकर म्हणतात. जाड चिनीमातीचं भांडं, त्याच्याभोवती विजेची तार बसवलेलं आवरण आणि वर काचेचं झाकण. त्याला 'लो' आणि 'हाय' अशा दोन खुणा असतात. हायवर ते लवकर तापतं, लोवर सावकाश. पण आतलं तापमान शेवटी पाणी उकळण्याच्या थोडं खालीच राहतं.

घरगुती ओव्हन साधारण १,५०० ते २,००० वॅटचा असतो. मंद आचेचं मध्यम भांडं २०० ते २५० वॅटचं. अडीच तास चाललं तरी अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते. जेवढी वीज जळते तेवढी उष्णता शेवटी खोलीतच उतरते, म्हणून कमी वीज म्हणजे कमी उकाडा. आणि त्याच्यापुढे उभं राहावं लागत नाही. दाराजवळ, ओसरीत, जिथे पाऊस आणि लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ते ठेवता येतं.

नवीन भांड्याला काही हजार रुपये लागतात. प्रत्येक घराने घ्यावं असं नाही. आमच्या मंडळाने वर्गणी काढून एक घेतलं, ते पाळीपाळीने फिरतं. घ्यायचंच नसेल तर घरच्या कुकरवरही काम होतं. ती रीत पुढे दिली आहे.

विजेची काळजी : तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असलेला बोर्ड हवा. एकाच एक्स्टेंशनवर कूलर, टीव्ही आणि हे भांडं लावू नका. वायर गरम लागली तर लगेच बंद करा. तापलेल्या चिनीमातीवर गार पाणी ओतू नका, ती तडकते.

खमीर तयार करणं

खमीर म्हणजे पावाचं विरजण. एकदा झालं की वर्षानुवर्षं टिकतं.

पहिला दिवस : काचेच्या बरणीत ४ मोठे चमचे गव्हाचं पीठ आणि तेवढंच पाणी कालवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरा. टँकरचं पाणी असेल तर उकळून गार करा. बरणीवर झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर वायूने बरणी फुटू शकते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ : बरणीतलं अर्ध्याहून जास्त काढून टाका. उरलेल्यात २ चमचे पीठ आणि २ चमचे पाणी घाला. हिवाळ्यात एकदा घातलं तरी चालतं. उन्हाळ्यात जंतूंची भूक वाढते, म्हणून दोनदा.

दुसऱ्याच दिवशी खूप बुडबुडे येतील. झालं वाटेल, पण ते खरं खमीर नव्हे. पहिल्या दिवसांत नको असलेले जंतूही वाढतात. नंतर एक-दोन दिवस सगळं थंड पडल्यासारखं दिसतं. निराश होऊ नका. आंबटपणा वाढतो तसे नको असलेले जंतू मरतात आणि हवे ते उरतात. या पहिल्या चार-पाच दिवसांत काढलेलं पीठ खाऊ नका, लेकरांना चाटायला देऊ नका.

साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, पीठ घातल्यावर तीन-चार तासांत खमीर दुप्पट होऊ लागतं आणि त्याला दह्यासारखा, थोडा फळासारखा वास येतो. असं लागोपाठ दोन दिवस झालं की खमीर तयार. यानंतर रोज निघणारं जादा पीठ धिरड्यात घाला, वाया जात नाही.

वर पाणी सुटलं आणि वास फार आंबट आला, तर खमीर भुकेलं आहे. पीठ घाला. पण गुलाबी किंवा नारिंगी रेघ, लव आलेली बुरशी किंवा कुजका वास असेल तर सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा. वरचं काढून खालचं वापरू नका.

फ्रीज नसेल तर खमीर घट्ट ठेवा, पोळीच्या कणकेसारखा गोळा करून. घट्ट गोळा सैल खमिरापेक्षा सावकाश आंबतो. गावाला जायचं असेल तर खमीर ताटावर पातळ पसरून सावलीत कडकडीत वाळवा आणि डब्यात भरा. आल्यावर कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन दिवस पीठ घातलं की पुन्हा जागं होतं.

उन्हाळ्यात पीठ का बिघडतं

बंगल्यावरच्या ताईने आणलेली कृती आम्ही तशीच केली आणि पहिले दोन पाव फसले. पीठ चिकट, पसरट, भयंकर आंबट झालं. कारण सोपं होतं. त्या कृतीत "सहा ते आठ तास ठेवा" असं लिहिलं होतं. ते २४-२५ अंशांच्या घरासाठी. आपल्या खोलीत ३८ अंश. यीस्टला २५ ते २८ अंश मानवतात. ३५ च्या वर ते थकतं, पण आंबट करणाऱ्या जंतूंपैकी काही तिथेही जोरात असतात. मग पीठ फुगत नाही, नुसतं आंबतं, आणि जास्त आम्लाने गव्हाची चिकाटी तुटते.

यावर चार उपाय :

१. भर दुपारी पीठ भिजवू नका. रात्री भिजवा.

२. पाणी माठातलं घ्या.

३. खमीर कमी घाला. दिवसा ४ मोठे चमचे लागतात, रात्रभर ठेवायचं तर २ पुरे. मीठ सुरुवातीलाच घाला, मिठाने आंबणं थोडं मंदावतं.

४. पिठाचं भांडं परातीत थोडं पाणी घालून त्यात ठेवा आणि भांड्याभोवती ओलं सुती फडकं गुंडाळा. फडक्याचं टोक पाण्यात राहू द्या. माठ जसा गार राहतो तसंच हे. नागपूर, अमरावती, नांदेडच्या कोरड्या हवेत याचा चांगला उपयोग होतो. मुंबईच्या दमट हवेत फरक कमी पडतो, तिथे खमीर आणखी कमी घ्या.

आणि घड्याळापेक्षा पीठ बघा. थंडीत ते दुप्पट होऊ देतात. उन्हाळ्यात दीडपट झालं की पुरे.

पाव : रात्री भिजवा, पहाटे लावा

साहित्य, १५० मिलीच्या वाटीने :
गव्हाचं पीठ ५ वाट्या, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. पहिल्यांदा करताना ४ वाट्या गव्हाचं आणि १ वाटी मैदा घ्या, पाव हलका होतो.
माठातलं पाणी २ वाट्यांना थोडं कमी.
चांगलं फुगलेलं खमीर २ मोठे चमचे.
मीठ दीड सपाट चहाचा चमचा.

रात्री १० वाजता : पाण्यात खमीर विरघळवा, पीठ आणि मीठ घालून कालवा. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला थोडं चिकटणारं पीठ हवं. अर्धा तास झाकून ठेवा. मग ओल्या हाताने एक-एक कड ओढून मध्ये दुमडा, असं आठ-दहा वेळा. जोर लावून मळायची गरज नाही. वरच्याप्रमाणे परातीत ओल्या फडक्यात ठेवून झोपा.

पहाटे ५ वाजता : पीठ दीडपट झालेलं, वर बुडबुडे दिसतील. पोळपाटावर थोडं पीठ भुरभुरून गोळा करा. भांड्यात बटर पेपर घाला, त्यात गोळा ठेवा आणि अर्धा तास झाका.

साडेपाच वाजता : भांडं हायवर सुरू करा. झाकणाखाली एक जाड सुती फडकं ताणून धरा आणि त्याची टोकं झाकणावर वर घेऊन बांधा. वाफेचे थेंब पावावर पडले तर वरचा भाग लगदा होतो, फडकं ते थेंब पितं. टोकं खाली लोंबून गरम आवरणाला लागू देऊ नका. मध्येमध्ये झाकण उघडू नका, दर वेळी उष्णता जाते आणि वेळ वाढतो.

आठच्या सुमारास : पाव झाला का ते बघा. मधोमध सुरी खुपसून काढली तर ओलं पीठ लागायला नको. उलटा करून बोटाने ठोकला तर पोकळ आवाज यावा. कच्चा वाटला तर आणखी अर्धा तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या आसपास हवं. अंगाचा ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, तो फुटेल.

या भांड्यात पावाला तांबूस रंग येत नाही, पांढुरका राहतो. भांड्याचा दोष नाही, आचच कमी असते. खरपूस हवा असेल तर गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं टेकवा. मग जाळीवर तासभर निवू द्या. गरम कापला तर आतून चिकट लागतो. गव्हाच्या पिठाचा पाव बेकरीसारखा फुगणार नाही, जड आणि पोटभरीचा होईल. पिठलं, वरण, ठेचा, अंड्याची भुर्जी, कशाबरोबरही चालतो.

कच्चं पीठ चाखून बघायची सवय सोडा. कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

भांडं नसेल तर

कुकरमध्ये तळाला दोन पेले पाणी घालून जाळी ठेवा. तेल लावलेल्या डब्यात गोळा अर्ध्यापर्यंतच ठेवा, वर झाकण लावा. कुकरची शिटी काढून ठेवा आणि बारीक आचेवर ४५ ते ५० मिनिटं वाफवा. पाणी आटू देऊ नका. हा पाव ढोकळ्यासारखा मऊ होतो. गॅस जळतो म्हणून खोली थोडी तापते, पण पहाटे केलं आणि खिडकी उघडी ठेवली तर त्रास होत नाही. आणि तव्यापुढे उभं राहावं लागत नाही, ते काम वाचतंच.

ठेवण्याची आणि खाण्याची काळजी

आंबट असल्यामुळे हा पाव साध्या पावापेक्षा उशिरा बुरशी धरतो. तरी उन्हाळ्यात दोन दिवसांच्या वर ठेवू नका. कोरड्या सुती फडक्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. एका जागी बुरशी दिसली तरी पूर्ण पाव टाका. बुरशीचे धागे आत पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

मधुमेह असलेल्यांनी नीट ऐका. आंबवलेल्या पावाने साखर मैद्याच्या पावापेक्षा थोडी सावकाश वाढू शकते, पण वाढतेच. दोन पातळ कापांच्या वर नको आणि सोबत डाळ किंवा अंडं घ्या. रक्तदाब असलेल्यांनी पावाबरोबर लोणचं-पापड टाळा, पावात मीठ आहेच. ज्यांना गव्हाची बाधा म्हणजे सिलियाक आजार आहे त्यांनी हा पाव खाऊ नये, घरी आंबवल्याने ग्लूटेन जात नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईचं दूधच, दुसरं काही नाही.

कोणी सांगेल की या पावात जिवंत जंतू असतात आणि ते पोटाला चांगले. पाव शिजतो तेव्हा ते मरतात. जिवंत जंतू हवेत तर ताजं ताक प्या.

मंद आचेचं भांडं घरात आलं की त्यात इतरही शिजवावंसं वाटेल, म्हणून दोन इशारे. राजमा त्यात थेट घालू नका. कच्च्या राजम्यात विष असतं आणि मंद आचेने ते जात नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा जास्त त्रास देतो. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा आणि मगच भांड्यात घाला. दुसरं, शिजलेलं वरण-भात भांडं बंद करून तसंच दुपारभर ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू वाढतात आणि उन्हाळ्यात आपली खोली दिवसभर त्याच पट्ट्यात असते. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत खा.

डब्यावाल्या ताईचं काय झालं

ती आता आठवड्यातून दोन दिवस पोळीऐवजी पाव देते, पाच गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी खाल्ला. बाकीच्या दिवशी पोळ्या पहाटे चार ते सातमध्ये उरकते आणि लेक कणीक मळून देतो. दुपारी बारा ते चार गॅस लावायचा नाही, असं तिने भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. पत्र्यावर गोणपाटं टाकून ती सकाळी ओली करते. उन्हाळा संपला नाही, पत्रा गेला नाही, पण ती त्यानंतर पडली नाही.

हा पाव करून बघायचा असेल तर आपल्या वस्तीतल्या महिला मंडळात एक बरणी खमीर सुरू करा. विरजण जसं शेजारणीकडून आणतो तसं ते वाटून घ्या. दोन चमचे दिले तरी आपलं संपत नाही. आणि घरातल्या पुरुष मंडळींना विनंती : रात्री दहाला पीठ कालवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. ते तुम्हीही करू शकता.